शेवडेबाईंचं अजून ठरायचं आहे

आमच्या शाळेच्या स्टाफरूमला दोन खिडक्या होत्या. रस्त्याकडच्या खिडकीशी उजेड चांगला आणि अंगणाकडच्या खिडकीशी वारा. आम्ही सगळ्या शिक्षिका आपापल्या जागा धरून बसायचो. शेवडेबाई मात्र रोज खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून क्षणभर उभ्या राहायच्या, दोन्हीकडे बघायच्या आणि शेवटी खुर्ची खोलीच्या मधोमध ओढून बसायच्या. तिथे ना उजेड, ना वारा. कुणी विचारलं की म्हणायच्या, "माझं अजून ठरायचं आहे. तुम्ही बसा."

शेवडेबाई गणित शिकवायच्या. मूळच्या वाईच्या. लग्न होऊन उज्जैनला आल्या, यजमान रेल्वेत होते, ते लवकर गेले आणि बाई इथेच राहिल्या. त्यांच्या आयुष्याबद्दल मला एवढंच माहीत आहे. उंच, सडपातळ बांधा, पदराच्या टोकाला खडूचा तुकडा बांधलेला. तो बांधल्याचं त्या विसरायच्या आणि वर्गात गेल्यावर मुलींकडे खडू मागायच्या. समोरचा बोलत असला की मान किंचित कलती करून ऐकायच्या. ते ऐकणं असं असायचं की बोलणाऱ्याला वाटावं, बाईंना आपलं पटलं. मग दुसरा येऊन नेमकं उलट सांगायचा, तेव्हाही मान तशीच.

फ्रीगंजात आमची शाळा. संध्याकाळी आम्ही दोघी टावर चौकापर्यंत बरोबर यायचो. पुढे बाई माधवनगरला जायच्या. एकदा त्यांचा पाय मुरगळला होता म्हणून मी त्यांना टांगा करायला सांगितलं. दोन टांगेवाले पुढे आले.

"बाईसाब, पहले मैं खड़ा था," एक म्हणाला.

"इसका घोड़ा थका हुआ है बाईसाब, मेरा ताज़ा है," दुसरा म्हणाला.

बाईंनी दोघांचं नीट ऐकून घेतलं. घोड्यांकडे पाहिलं. मग मला म्हणाल्या, "सुमनबाई, पहिल्याचं न्यायाचं आहे आणि दुसऱ्याचं सोयीचं. मला काही सुचत नाही." आणि लंगडत चालू लागल्या. ते दोन्ही रिकामे टांगे त्यांच्यामागून हळूहळू माधवनगरपर्यंत गेले. दोघांनाही आशा होती.

त्या दिवसांत ठरत नव्हतं ते एकट्या बाईंचंच नव्हे. सगळं गावच गोंधळात होतं. मी भूगोल शिकवायचे. संस्थान गेलं आणि मध्यभारत आला तेव्हा वर्गातला नकाशा मी स्वतः शाईने रंगवून दुरुस्त केला होता. राजधानी थंडीत ग्वाल्हेरला आणि उन्हाळ्यात इंदूरला, हे मुलींना समजावताना माझीच दमछाक व्हायची. ते जरा अंगवळणी पडतंय तोच बातम्या येऊ लागल्या की मध्यभारतही जाणार, सगळं मिळून मोठा मध्यप्रदेश होणार आणि राजधानी भोपाळला. साताऱ्याची माझी मावशी पाकिटावर अजून ग्वाल्हेर संस्थान लिहायची आणि पत्र बरोबर पोचायचं. एका मुलीने मला विचारलं, "बाई, आपण राहतो तिथेच आहोत ना?" मी हो म्हटलं, पण मला तिचा प्रश्न चुकीचा वाटला नाही.

बाईंच्या डोक्यात जे खूळ शिरलं, त्याची सुरुवात त्यांच्या घरच्या नळावर झाली. माधवनगरला त्या वरच्या मजल्यावर राहायच्या. खाली दोन बिऱ्हाडं, एक मराठी आणि एक माळवी. सकाळी पाणी आधी कोणी भरायचं यावरून दोन्ही घरांत असं वाजलं की बायका एकमेकींची तोंडं बघेनात. दोघी वर येऊन बाईंजवळ गाऱ्हाणं मांडायच्या. बाई दोघींचं ऐकायच्या. दोघींना चहा द्यायच्या. आणि खाली गेल्यावर प्रत्येकजण सांगायची की बाई माझ्या बाजूच्या आहेत.

काही दिवसांनी भांडण आपोआप मिटलं. माळवी बाईने स्वतःच सांगितलं, "आप पहले भर लो." मराठी बाई म्हणाली, "नाही नाही, एक दिवस तुम्ही, एक दिवस आम्ही."

शेवडेबाई दुसऱ्या दिवशी हे सांगताना अगदी अस्वस्थ होत्या. "सुमनबाई, मी काहीच केलं नाही हो. एक शब्द बोलले नाही. मग मिटलं कसं?"

"तुमचा दोघींना धाक असेल," मी म्हटलं.

"धाक कसला? मी कुठल्या बाजूला जाईन हे दोघींना माहीत नव्हतं, म्हणून दोघी जपून बोलायला लागल्या. बाजूच्या घरांतले लोकही विचारायचे, बाई काय म्हणतात? मतलब, माझं मत नसणं हेच तिथे काम करत होतं. हे मांडता आलं पाहिजे."

मांडता आलं पाहिजे, हे त्या गणिताच्या उदाहरणाबद्दल बोलावं तसं म्हणाल्या. आणि खरोखरच एका शनिवारी शाळा सुटल्यावर त्यांनी वरच्या वर्गातल्या मुलींना अंगणात ओळींत उभं केलं. काहींच्या वेणीला लाल रिबीन, काहींच्या पांढरी, आणि बऱ्याचजणींना कुठलीच नाही. त्या 'मोकळ्या'. नियम सोपा होता. घंटा झाली की प्रत्येकीने पुढे, मागे, डावीकडे, उजवीकडे बघायचं. मोकळीच्या शेजारी लाल जास्त दिसल्या तर तिने लाल घ्यायची, पांढऱ्या जास्त दिसल्या तर पांढरी. लाल मुलीला भोवती पांढऱ्या जास्त दिसल्या तर तिने एकदम पांढरी व्हायचं नाही. आधी रिबीन सोडून मोकळी व्हायचं, मग पुढच्या घंटेला बघायचं. पांढरीलाही तोच नियम.

"माणूस एकदम उलटत नाही," बाई मला म्हणाल्या. "मधे थोडे दिवस गप्प बसतो."

शिपाईबाईने घंटा वाजवायला सुरुवात केली. मुली माना वळवून बघताहेत, रिबिनी सोडताहेत, बांधताहेत, खिदळताहेत. थोड्या घंटांत जवळजवळ सगळं अंगण लाल झालं. बाईंनी सगळ्यांना पुन्हा पहिल्यासारखं उभं केलं, फक्त दोघींच्या जागा बदलल्या. या वेळी अंगण पांढरं झालं. बाईंच्या कपाळावर आठ्या पडल्या. तिसऱ्या वेळी मधल्या ओळीतल्या मुलींना त्यांनी सांगितलं, "काही झालं तरी तुम्ही मोकळ्याच राहायचं." मग मात्र एका बाजूला लाल राहिल्या, दुसऱ्या बाजूला पांढऱ्या, आणि किती घंटा झाल्या तरी कुणी कुणाला गिळलं नाही.

बाई पायरीवर बसल्या. मी त्यांना इतकं खूश क्वचित पाहिलं असेल. "नळावर हेच झालं बघा," त्या म्हणाल्या. "मधली माणसं आपल्या जागी राहिली की दोन्ही बाजू शिल्लक राहतात."

तेवढ्यात मधल्या ओळीतली कुसुम नावाची मुलगी रडवेली होऊन आली. "बाई, मला लाल व्हायचं होतं. माझ्या आजूबाजूला सगळ्या लाल होत्या. तुम्ही नको म्हणालात."

बाईंनी तिच्या हातात लाल रिबीन दिली आणि घरी जायला सांगितलं. बराच वेळ त्या तिच्या पाठमोऱ्या वेणीकडे बघत बसल्या होत्या.

हे सगळं आमच्या अंबूबाई खिडकीतून पाहत होत्या. अंबूबाई मराठी शिकवायच्या. त्यांचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या उज्जैनचं. पूर्वज शिंदेशाहीत कारकून म्हणून आले, ते इथलेच झाले. त्यांच्या मराठीत निम्मी हिंदी असायची, पण मराठीवरचं प्रेम असं की कुणी तिच्याविरुद्ध बोललं तर त्या उठून उभ्या राहायच्या. त्या मला म्हणाल्या, "रिबिनी बांधून दुनिया समजत असती तर काय हवं होतं! या बाईंना म्हणावं, एकदा कुठलीतरी रिबीन स्वतः बांधून बघा."

तशी वेळ लवकरच आली.

आमच्या शाळेत सगळं मराठीतून चालायचं. राज्य बदलणार हे नक्की झालं तसं शाळेच्या कमिटीचे सेक्रेटरी भास्करराव वकील यांनी प्रश्न काढला: येत्या वर्षापासून शाळा हिंदीतून चालवायची का? पालकांची सभा घ्यायचं ठरलं. भास्करराव स्वतः मराठी. घरी तीन मुली. त्यांचं म्हणणं मला अजूनही उथळ वाटत नाही. ते स्टाफरूममध्ये येऊन म्हणाले, "आपल्या मुलींना नोकऱ्या इथेच करायच्या आहेत. मराठीत शिकलेल्या मुलीला भोपाळच्या कचेरीत कोण विचारणार? आपण पुण्याला परत जाणार आहोत का?"

अंबूबाई उठल्या. "शाळेतून गेलेली भाषा घरातून जायला किती वेळ लागतो, भाऊसाहेब? माझ्या घरात बघा. मी सांगते, माझे भाचे मला मराठीत हाक मारतात आणि हिंदीत भांडतात."

"म्हणून का मुलींचं नुकसान करायचं?"

"आणि माझं काय? हिंदीत शाळा झाली की मी काय शिकवू? मला घरी बसवणार का?"

दोघांनीही एकाच वेळी मधल्या खुर्चीकडे पाहिलं. शाळेत बाईंच्या हाताखालून गेलेल्या मुलींच्या आता मुली शिकत होत्या. बाई बोलल्या असत्या तर गावाने ऐकलं असतं. शेवडेबाई मान कलती करून बसल्या होत्या. म्हणाल्या, "दोघांचंही बरोबर आहे. माझं अजून ठरायचं आहे."

त्यानंतर अंबूबाई त्यांच्या घरीही जाऊन आल्या. मी बरोबर होते. "मी तुम्हाला कधी काही मागितलं नाही," अंबूबाई म्हणाल्या. "एकदा बोला. खुलेआम बोला."

"मी बोलले तर लोक माझ्याकडे बघून हात वर करतील," बाई म्हणाल्या. "ते त्यांचं मत होणार नाही. मी मधे राहिले तर दोन्हीकडचे जरा सांभाळून घेतील. काहीतरी मधला मार्ग निघेल. नळाचं पाहिलंत ना?"

"शाळा म्हणजे नळ नाही," अंबूबाई म्हणाल्या आणि चहा न घेता खाली उतरल्या.

सभा रविवारी सकाळी शाळेच्या हॉलमध्ये झाली. मी दारात उभी होते. मांडलेल्या सतरंज्या निम्म्याहून जास्त रिकाम्या राहिल्या. आले होते ते दोन्हीकडचे पक्के लोक. भास्करराव बोलले, अंबूबाई बोलल्या, कुणीतरी ओरडलं, कुणीतरी त्याला बसवलं. शेवडेबाई मागे भिंतीला टेकून उभ्या होत्या आणि सारखं दाराकडे बघत होत्या. त्यांना वाटत होतं मधली माणसं येतील. ती आलीच नाहीत. हात वर झाले. थोड्याशा फरकाने हिंदी पास झाली. अंबूबाई कुणाशी न बोलता निघून गेल्या. जाताना बाईंच्या अगदी समोरून गेल्या, पण बघितलं नाही.

बाई त्या दिवशी जेवल्या नाहीत असं त्यांच्या शेजारणीने मला सांगितलं. दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर त्या म्हणाल्या, "सुमनबाई, येता का माझ्याबरोबर? जे आले नाहीत त्यांच्या घरी जायचं आहे."

"आता कशाला? फैसला झाला."

"का आले नाहीत ते मला कळलं पाहिजे."

पहिलं घर रेल्वेतल्या एका गार्डचं. त्यांच्या बायकोने आम्हाला बसवलं, पोहे केले. मग संकोचत म्हणाली, "आम्ही येणारच होतो हो बाई. पण कळलं की तुमचंच ठरलेलं नाही. मग म्हटलं, जे बाईंना समजत नाही ते आपण काय ठरवणार?"

दुसऱ्या घरी आजोबा म्हणाले, "बाई गप्प आहेत म्हणजे कमिटीत हिंदीचं आधीच ठरलं असणार, असं आम्ही समजलो. जाऊन काय उपयोग?" तिसऱ्या घरी एका बँकेतल्या कारकुनाने हसत सांगितलं, "तुम्ही काळजीत दिसला नाहीत, तेव्हा मराठीला धक्का नाही हे नक्की वाटलं. म्हणून मी बिल्कुल निवांत होतो."

त्या घराच्या जिन्यात बाई मधेच बसल्या. मला वाटलं पाय दुखला. पण त्या म्हणाल्या, "मी एक गप्प बसले आणि प्रत्येकाने त्याचा वेगळा अर्थ काढला. आणि सगळ्यांचा परिणाम एकच. सगळे घरी बसले." मग म्हणाल्या, "अंगणात मी सगळ्या मुली मोजल्या. स्वतःला मोजलंच नाही. मला वाटत होतं मी बाहेर उभी आहे."

नळाच्या वेळी त्यांचं गप्प बसणं बरोबर होतं आणि सभेच्या वेळी चूक, असं म्हणावं तर दोन्हीकडे त्या अगदी सारख्याच वागल्या होत्या. मी आजही याचा विचार करते आणि मला नीट उलगडत नाही.

बाई घरोघर जायच्या थांबल्या नाहीत. फक्त आता त्या दुसरा प्रश्न विचारू लागल्या: तुम्हाला काय हवं होतं? आणि गंमत अशी की बहुतेकांना नुसती एकच भाषा नको होती. गार्डची बायको म्हणाली, "गणित, विज्ञान हिंदीत चालेल. पण पोरीला आपल्या आजीशी धड बोलता यावं, लिहिता यावं." एका माळवी घरात, जिथली मुलगी जवळ पडते म्हणून आमच्या शाळेत होती, तिथली आई म्हणाली, "हिंदी में हो जाए तो अच्छा है, पर मराठी भी थोड़ी रहने दो. बच्ची को आ गई है, अब छूट क्यों जाए?"

एवढं जमल्यावर बाई भास्कररावांकडे गेल्या. मी बाहेरच्या बाकावर होते, दार उघडंच होतं.

"सभेचा निर्णय मी बदलू शकत नाही," भास्करराव म्हणाले.

"बदला म्हणत नाही. शाळा हिंदीतूनच चालवा. रोज एक तास मराठीचा ठेवा, सगळ्या वर्गांना. आणि तो अंबूबाईंकडे द्या."

"हे तुम्ही सभेत का नाही बोललात? तिथेच मान्य झालं असतं."

"चुकलं माझं," बाई म्हणाल्या. "तेव्हा बोलायला हवं होतं."

भास्कररावांनी वेळापत्रक पुढे ओढलं. मग म्हणाले, "शेवटचा तास देतो. त्या वेळी मुली पेंगतात, ते तुम्ही सांभाळा."

अंबूबाईंची नोकरी राहिली. पण त्यांनी शेवडेबाईंशी बोलणं सुरू केलं नाही. शेवटच्या तासाचं कोणी मिळवून दिलं हे त्यांना माहीत होतं, आणि त्यामुळेच की काय, राग जास्त झाला असावा. नव्या वर्षाची घंटा झाली. शाळा हिंदीत सुरू झाली आणि खरी पंचाईत शेवडेबाईंची झाली. इतकी वर्षं उज्जैनमध्ये राहून त्यांची हिंदी भाजीबाजारापुरतीच होती. वर्गात त्या "दोन्ही बाजू को समान करो" म्हणायच्या आणि मुली ओढण्या तोंडावर धरायच्या. मधल्या सुट्टीत त्या हिंदी पुस्तक घेऊन मोठ्याने पाठ करत बसायच्या.

एकदा अशाच घोकत होत्या, "समकोण त्रिकोण, समकोण त्रिकोण..."

अंगणाकडच्या खिडकीशी बसलेल्या अंबूबाईंचा आवाज आला, "त्रिभुज."

बाईंनी वर पाहिलं.

"काटकोन त्रिकोणाला समकोण त्रिभुज म्हणतात. त्रिकोण नाही. आणि 'त्रि'वर इतका जोर देऊ नका, वाईचं वाटतं."

मग शेवडेबाई उठल्या, खुर्ची उचलली आणि अंबूबाईंच्या शेजारी नेऊन ठेवली. पुस्तक पुढे सरकवलं. अंबूबाईंनी चष्मा लावला. त्या दिवसापासून मराठीच्या कैवारी अंबूबाई रोज मधल्या सुट्टीत शेवडेबाईंना हिंदी शिकवू लागल्या. शिकवताना रागवायच्या, "अहो, किती सांगायचं! 'है' आणि 'हैं' यात फरक आहे." बाई शाळकरी मुलीसारखी मान हलवायच्या. शेवटच्या तासाला मात्र त्या अंबूबाईंच्या वर्गात मागे उभ्या राहून पेंगणाऱ्या मुलींना जागं करायच्या.

पुढे माझ्या यजमानांची कचेरी भोपाळला हलली आणि आमचं उज्जैन सुटलं. स्टेशनवर निरोप द्यायला दोघी आल्या होत्या. गाडीला उशीर होता. अंबूबाई माझ्या मुलासाठी सेव आणायला पलीकडे गेल्या, तेव्हा मी शेवडेबाईंना विचारलंच, "बाई, खरं सांगा. सभेच्या वेळी मनातून तुम्हाला काय हवं होतं?"

"मराठी," त्या लगेच म्हणाल्या. "पहिल्यापासून मराठीच."

मी चकित झाले. म्हणजे त्यांचं ठरलेलं होतं? मग ते सगळं गप्प राहणं जाणूनबुजून होतं? मी काही बोलणार तोच त्या स्वतःच थबकल्या. चष्मा काढून पदराने पुसला.

"म्हणजे, आता तसं वाटतं," त्या हळू म्हणाल्या. "अंबूबाईंच्या इतकी जवळ बसते ना रोज. तेव्हाचं खरं काय होतं, ते आता माझं मलाही शोधता येत नाही. सुमनबाई, तुम्हाला आठवतं का? तुम्हाला मी कशी दिसत होते?"

मला आठवत होतं ते सगळं त्यांच्या कलत्या मानेचं. त्यावरून काय सांगणार? मी म्हटलं, "मलाही नाही सांगता येणार."

अंबूबाई सेव घेऊन आल्या, गाडीही आली. आम्ही चढलो, सामान लावलं, मुलाला खिडकीशी बसवलं. गाडी सुटल्यावर मी वाकून पाहिलं. दोघी पुलाच्या जिन्याकडे निघाल्या होत्या. अंबूबाईंचे गुडघे दुखायचे, म्हणून शेवडेबाईंनी त्यांच्या दंडाला धरलं होतं. अंबूबाई हातवारे करून काहीतरी तावातावाने सांगत होत्या. पहिल्या पायरीशी शेवडेबाई थांबल्या, त्यांच्याकडे वळल्या आणि त्याही बोलू लागल्या, तितक्याच जोरात. मागून येणारी माणसं दोघींना वळसा घालून वर जात होती.